उतरलेल्या सेलवर आईचा दिलरुबा

माझ्या नाकावर राग असतो असं घरातले सगळे म्हणतात. म्हणू देत. ज्या गोष्टीचा राग यायला हवा तिचाही येत नसेल तर ते माणूस काय कामाचं? परवा दादाची नात पल्लवी आली होती. कानांवर ती मोठी झाकणं लावून कॉम्प्युटरपुढे बसली होती. म्हणाली, "आजी, सुनो ना, मी बनवलंय." पोरीला मराठी सगळं समजतं, पण बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदीत घसरते. मी झाकणं कानांना लावली. कुठल्याशा तंतुवाद्याचा एकच सूर ताणून इतका लांब केला होता की त्याला सुरुवात राहिली नव्हती आणि शेवटही. त्याच्याखाली पाणी, कुणाची तरी पावलं, लांब एखादी गाडी. ताल नाही, शब्द नाहीत. "इसको अँबियंट कहते हैं," ती म्हणाली, आणि शेजारी उभा असलेला तिचा बाप कौतुकानं माझ्याकडे बघत राहिला. मी छान आहे म्हटलं, झाकणं तिला परत दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबत बसले. पल्लवीचा काही दोष नाही. तिचं काम चांगलं होतं, आणि पाणी तर माझ्यापेक्षा स्वच्छ रेकॉर्ड केलं होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच. आमच्या घरी या संगीताला "सूं सूं" म्हणत असत.

आम्ही जबलपुरात चेरीतालला राहायचो. दोन खोल्या, पुढे छपरी, मागे अंगण आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे शुक्ला चाची. राज्यांची वाटणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि बाबांची कारखान्यातली नोकरी जबलपुरात म्हणून आमचं घर मध्यप्रदेशात राहिलं. हे माझ्या जन्माच्या आधीचं, पण आत्या ते कालच घडल्यासारखं सांगायच्या. आत्या म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण, लहानपणी विधवा होऊन भावाकडे आलेल्या. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. पहाटे त्यांची पोथी, मग कारखान्याचा भोंगा, मग चाचींचा "अरे ओ दूधवाले भैया", मग दादाचं सायकलची घंटी वाजवत निघणं. संध्याकाळी बाबा आले की रेडिओ. रविवारी दादा खोव्याची जिलेबी आणायचा आणि ती काळी, जड, पाकानं ओथंबलेली जिलेबी कुणाच्या वाट्याला किती यावी याचा निवाडाही आत्याच करायच्या. या सगळ्या गोंगाटात आईचा आवाज कुठेच नव्हता. ती भांडी ठेवायची तीसुद्धा आवाज होणार नाही अशी. पाटोडीचा रस्सा करायची तेव्हा पाट्यावर वरवंटा फिरायचा तो, आणि भाकरी थापतानाची थाप, एवढंच काय ते आई घरात असल्याचं ऐकू यायचं. मला वाटायचं, असते एखादी बाई अबोल. माणसाला अबोल करता येतं हे मला फार उशिरा कळलं.

टेपरेकॉर्डर बाबांनी आणला तो आत्यांना कीर्तनं ऐकता यावीत म्हणून. चपटं, काळं यंत्र, वरून दाबायची बटणं, विजेवर चालायचं आणि सेलवरही. वीज जायची रोजचीच, त्यामुळे सेल घातलेले असायचे. एकदा आत्यांचं कीर्तन ऐन रंगात असताना सेल उतरले. बुवांचा आवाज हळूहळू जाड झाला, मग म्हशीसारखा झाला, आणि पेटीचा एक सूर असा लांबत गेला की तो संपेचना. आत्या वैतागून म्हणाल्या, "बंद कर बाप्पा ते रडगाणं." दादा हसला. माझ्या मात्र अंगावर काटा आला होता. त्या लांबलेल्या सुराच्या आत दुसरे सूर होते, एरवी ते घाईघाईनं निघून जायचे म्हणून ऐकू यायचे नाहीत. त्या दिवसापासून मी उतरलेले सेल फेकू दिले नाहीत. बॅटरीतले, रेडिओतले, चाचींकडचे, सगळे गोळा करून डब्यात ठेवायचे. ताजे सेल हवे असलेले लोक जगात पुष्कळ होते. मला मेलेले हवे होते, आणि ते कुणी मागत नव्हतं म्हणून माझं निभत होतं.

एका यंत्रावर हे काम होत नाही. एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं भरून घ्यायचं. दुसरं यंत्र कांचघरला माझी मैत्रीण सुनंदा हिच्याकडे होतं. तिचे वडील रेल्वेत होते आणि वस्तीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग स्वतः करायचे. सुनंदाचं घर बौद्ध, म्हणून मी तिकडे निघाले की आत्या विचारायच्या, "तिथं पाणीबिणी पितेस काय?" मी म्हणायची, "पाणीच काय, जेवूनच येते." मग आत्या दोन दिवस माझ्याशी बोलायच्या नाहीत, आणि ते दोन दिवस फार सुखाचे जायचे. सुनंदाचे वडील आम्हाला यंत्राला हात लावू द्यायचे. वर कधी विचारायचे, "काय करून राहिल्या पोरी हो?" मी सांगायची, सूर लांब करून राहिलो. ते मान हलवायचे, आणि सुनंदाची आई चहा आणून द्यायची. आमच्या घरात मला असं कुणी कधीच विचारलं नव्हतं. म्हणून कांचघरचा रस्ता मला घराच्या रस्त्यापेक्षा जवळचा वाटायचा.

आवाज गोळा करायला मी यंत्र पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून तिलवाऱ्याला न्यायची. आत्यांबरोबर नर्मदास्नानाला म्हणून जायचं आणि त्या बुडी मारेपर्यंत पायरीवर बसून पाणी भरून घ्यायचं. पुलावरून नागपूरकडे जाणारे ट्रक, दगडावर आपटलेले कपडे, नावेची कडा घाटाला घासते तो आवाज. घरी वरवंटा होता, भोंगा होता. हे सगळं माझ्याजवळ जमलं होतं, पण ते नुसतं अंथरूण झालं. त्यावर निजणारं कुणी नव्हतं. मला एक वाद्य हवं होतं, आणि वाद्य आमच्या घरात होतं.

आईचा दिलरुबा आतल्या खोलीच्या दारामागे गवसणीत खुंटीला टांगलेला असायचा. मी लहान असताना ती गवसणी म्हणजे कुणीतरी पाहुणा पाठ करून उभा आहे असं मला वाटायचं. आई नागपूरला माहेरी असताना गजानं वाजवायचा हा दिलरुबा शिकली होती. चांगली वाजवायची. रेडिओवर वाजवायला बोलावणं आलं होतं, पण लग्न ठरल्यामुळे तिच्या वडिलांनी ते परत करायला लावलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आत्या म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे बाया गज नाही ओढत." बाबा काही बोलले नाहीत. काही न बोलण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. आईनं दिलरुबा गवसणीत घातला आणि तो तिथे राहिला. हे मला मामीनं सांगितलं, आईनं कधीच नाही.

त्या दिवशी कसलीशी पर्वणी होती. आत्या आणि चाची तिलवाऱ्याला गेल्या होत्या, बाबा कामावर, दादा बाहेर. मी गवसणी काढून आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, वाजव. आई म्हणाली, "तारा गंजल्या असतील." मग म्हणाली, "राळ पण नाही ना घरात." गजाच्या केसांना राळ लावल्याशिवाय तो तारेवर नुसता घसरतो, सूर निघत नाही. मी आत्यांच्या पूजेच्या डब्यातली राळ आणली, त्या धुपात टाकायच्या ती. आईनं त्या खड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर असं काही हसू आलं की ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हात धुऊन, पदर खोचून ती भिंतीला टेकून बसली. तारा पिळताना एक तुटली. उरलेल्यांवर ती वाजवायला लागली. सुरुवातीला कुरकुर, मग एक सूर सरळ निघाला, आणि खालच्या बारीक तारा, ज्यांना कुणी हात लावत नाही, त्या आपोआप गुणगुणायला लागल्या. कुठला राग होता ते तिनं सांगितलं नाही. पोटातून वाजवत होती. मी यंत्राच्या बटणावर बोट ठेवून बसले होते आणि श्वास घ्यायलाही भीत होते. आत्या परत यायच्या आधी गवसणी खुंटीवर गेली आणि राळ डब्यात.

पुढे कितीतरी दिवस मी आणि सुनंदा कांचघरला त्याच्यावर काम करत होतो. सुरुवात मी तशीच ठेवली. आई जशी वाजवत होती तशीच, त्याच चालीनं. मग हळूच तिलवाऱ्याचं पाणी खालून आणलं, आणि मग सेल बदलत, अधिकाधिक उतरलेले घालत, दिलरुबा सावकाश होत गेला. इतका सावकाश की गजाची एक ओढ म्हणजे माणसाचा एक दीर्घ उसासा झाली. शेवटाला नुसतेच ते जाड, खोल सूर आणि पुलावरचे ट्रक. मूळ रेकॉर्डिंग सुनंदाच्या वडिलांकडून मागून आणलेल्या कॅसेटवर होतं. ती त्यांना परत हवी होती, त्यांनी विचारूनच त्यावर कार्यक्रम भरला. मला वाईट वाटलं नाही. आई माझ्या कॅसेटवर आली होती ना. त्या कॅसेटवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि मागच्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी सुरीनं मोडली. कॅसेटचे कान तोडणं म्हणायचो आम्ही. कान तोडले की यंत्राचं रेकॉर्डचं बटण दबतच नाही, त्यावर कुणाला दुसरं काही भरता येत नाही. पुन्हा भरायचं झालंच तर त्या भोकावर काही चिकटवावं लागतं.

आईला मी ती ऐकवली. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. सुरुवातीला हात चालू होता. मग थांबला. दिलरुबा जाड व्हायला लागला तेव्हा म्हणाली, "माझा हात इतका जड नव्हता गं." मी हसले. शेवटपर्यंत ती तशीच बसली. संपल्यावर विचारलं, "हे असं किती दिवस राहते?" मी म्हटलं, "कायमचं. हे बघ, कान तोडले." आणि भोक दाखवलं, सगळं समजावून सांगितलं, मोठ्या ऐटीत. "कायमचं?" आईनं विचारलं. मग तांदूळ निवडायला लागली. मला ते कौतुक वाटलं. दुसरं काही वाटायला मला वेळच कुठे होता, मी आनंदानं आंधळी झाले होते.

आणि मग माझं लग्न. जबलपूरच्या मराठी मुलींच्या लग्नात एक भानगड असायची, ती आज कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. नागपूर-अमरावतीकडच्या लोकांना शंका असायची की इकडच्या मुली हिंदी झाल्या. फोटोत मराठी दिसत नाही. म्हणून आमच्यातल्या काही घरांनी पद्धत काढली, फोटोबरोबर मुलीची कॅसेट पाठवायची. एक अभंग, एखादा उखाणा आणि एखादा पदार्थ कसा करायचा ते शुद्ध मराठीत. त्यावरून मुलीचा गळाही कळायचा, जीभही कळायची आणि स्वयंपाकही. तीन पक्षी एका दगडात. ओळखीतल्या वझलवार काकांनी नागपूरचं स्थळ आणलं तेव्हा आत्यांनी मला आठवडाभर शिकवणी दिली. "'करून राहिली' नाही म्हणायचं, 'करते आहे' म्हणायचं. 'काहून' नाही म्हणायचं, 'का' म्हणायचं." मी विचारलं, "काहून?" गंमत अशी की ते नागपूरचे लोक स्वतः उठता-बसता काहून म्हणायचे. पण सुनेनं म्हणू नये. हे सगळं मला सांगणाऱ्या आत्या तरी काय पुस्तकी मराठी बोलत होत्या? पण उंटावरून शेळ्या हाकायला कुणाला व्याकरण लागत नाही.

रेकॉर्डिंग पुढच्या छपरीत झालं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले, जणू नागपूरचे लोक त्यांनाही बघणार होते. दादा यंत्रापाशी. चाचींना भिंतीवरून सांगितलं, दहा मिनट ज़रा शांति रखिए. त्या म्हणाल्या, "हाँ हाँ, बिटिया का इंटरव्यू है ना." मी अभंग म्हटला. उखाणा घेतला, ज्याचं नाव घेतलं त्याला मी पाहिलंही नव्हतं. मग पाटोडीचा रस्सा. "प्रथम आपण चण्याच्या डाळीचे पीठ चाळून घेतो." आमच्या घरात बेसनाला चण्याच्या डाळीचे पीठ कुणी जन्मात म्हटलं नव्हतं. आई आतल्या दाराशी उभी होती. संपल्यावर दादानं बटण दाबलं, कॅसेट काढली आणि बाबांच्या हातात दिली. तिच्यावर लाल ठिपका होता.

मी ती हिसकावली. मागच्या कडेला, मी तोडलेल्या कानावर, जखमेला लावतात ती डॉक्टरी पट्टी नीट कापून चिकटवलेली होती. म्हणजे चुकून नाही. कुणीतरी भोक बघून, समजून, कात्रीनं मापात कापून ती लावली होती. मी आधी काय बोलले ते आठवत नाही. दादावर धावून गेले एवढं खरं. या घरात कॅसेटचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते माझ्याखेरीज त्यालाच कळत होतं. तो म्हणाला, "मी नाही लावली. पट्टी होतीच वर. मला वाटलं तूच लावली." मी म्हटलं, खोटारडा. तो म्हणाला, "अन् होतं काय त्याच्यावर असं? सूं सूं तर होतं." बाबा म्हणाले, "चलो, झालं ना आता. दुसरी कॅसेट आणून देऊ." दुसरी! आत्या म्हणाल्या, "एवढं काय बाई? लग्न ठरून राहिलं पोरीचं अन् पोरगी डब्ब्यासाठी रडून राहिली." मी रडत नव्हते. मी ओरडत होते, की त्यावर आई होती. पण ते वाक्य त्या छपरीत मला पूर्ण करता येत नव्हतं, कारण ते पूर्ण केलं असतं तर राळेपासून सगळं बाहेर आलं असतं, आणि आईला आत्यांच्या तोंडी मी देणार नव्हते. म्हणून मी नुसतीच ओरडत राहिले आणि सगळ्यांना वाटलं, पोरगी हट्टी आहे. मी आईकडे पाहिलं. ती आत निघून गेली होती. बाबांनी माझ्या मुठीतून कॅसेट सोडवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती वझलवार काकांबरोबर नागपूरला गेली.

आज विचार करते तेव्हा सगळ्यात जास्त संताप त्या शांतपणाचा येतो. कुणी रागावलं असतं, कुणी मारलं असतं, तर निदान काहीतरी घडलं असं तरी झालं असतं. त्या संध्याकाळी घरात पोहे झाले, रेडिओ लागला, आत्यांनी दिवा लावला. आईची सगळी सुरुवात, ती सरळ निघालेली पहिली ओढ, बारीक तारांचं ते गुणगुणणं, माझ्या चण्याच्या डाळीच्या पिठाखाली गाडली गेली होती आणि माझ्याच गळ्यानं गाडली होती, हे तर मला सहनच होत नव्हतं. दादाशी मी बोलणं टाकलं. त्याचं ताट वाढायची वेळ आली की उठून जायची.

वझलवार काका परत आले ते चेहरा पाडून. छपरीत बसले, पोहे खाल्ले, आणि मग हळूच विषय काढला. "मुलीचा गळा छान आहे म्हणाले. मराठी पण चांगलं. सगळं पसंत होतं, बरं का. पण काय झालं, पोरीचं झाल्यावर मशीन बंद करायला कोणी उठलं नाही." बाबांनी विचारलं, "मग?" काका म्हणाले, "मग त्याच्यातून आवाज यायला लागले, बाप्पा. कोणी कण्हून राहिलं असं. खोल आवाजात. मुलाची आई तर उठूनच गेली. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडे घरात कोणी आजारी आहे काय? डोक्यानं वगैरे? तसं असेल तर आधी सांगायला पाहिजे होतं म्हणाले." त्यांनी खिशातून कॅसेट काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. अभंग, उखाणा, रस्सा सगळं मिळून कॅसेट पूर्ण भरली नव्हती. माझं शेवटचं, उतरलेल्या सेलवरचं काम मागे शिल्लक राहिलं होतं.

बाबा माझ्याकडे वळले. आत्यांचे ओठ पांढरे पडले होते. "कुंदे," बाबा म्हणाले, "कोण कण्हून राहिलं ते?" मी तोंड उघडलं. काहीही सांगितलं असतं, म्हैस होती म्हणून सांगितलं असतं. पण आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला, कप हलले नाहीत.

"कण्हत नव्हतं कोणी," ती म्हणाली. "मी वाजवत होते."

मग आत्यांनी एवढंच विचारलं, "केव्हा?"

"तुम्ही तिलवाऱ्याला गेल्या होत्या तेव्हा."

मी बाबांकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. चांगलं, वाईट, काहीही. आपल्या बायकोचा आवाज लोकांनी वेडाचा समजला आणि परत पाठवला, यावर नवऱ्याला काहीतरी म्हणायचं असेल. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वझलवार, आणखी पोहे घ्या ना." मी बाबांना पुष्कळ गोष्टींसाठी माफ केलं आहे. त्या पोह्यांसाठी नाही.

काका गेल्यावर मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. मला तिचा अभिमान वाटत होता. मी म्हटलं, तू बरं सांगितलंस, आणि दादानं जी पट्टी लावली ना, तिचं उट्टं निघालं. आई कप धूत होती.

"अरुणनं नाही लावली," ती म्हणाली. "मी लावली."

मला समजलंच नाही. ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "तूच तर शिकवलं होतं मला. भोकावर काही चिकटवलं की होते म्हणून. मीच काढून ठेवली ती कॅसेट अन् अरुणपुढं ठेवली."

"काहून?" मी विचारलं. आत्यांची शिकवणी पार वाया गेली होती.

"मी ते बंद करून टाकलं होतं, कुंदे. लई कष्टानं बंद केलं होतं. एक-दोन वर्षांत नाही झालं ते. कुठं काही वाजलं की बोटं हलायची, ती पदरात धरून बसायची मी. मग थांबलं. अन् तू ते ऐकवलं. त्या दिवसापासून मी पोळ्या करून राहिली असली तरी ते कानात चालू. अन् तू म्हणते, कायमचं." तिनं कप पालथा ठेवला. "सगळं पुसून जाईल वाटलं होतं मला. तेवढं राहूनच गेलं."

दादाची माफी मी मागितली नाही. बटण त्यानंच दाबलं होतं. पण तो राग आता कुठल्या कुठे गेला होता, कारण नवा राग इतका मोठा होता की त्याला घरात जागा पुरेना. आत्यांवर रागावणं सोपं होतं, बाबांवर त्याहून सोपं. पण त्यांनी जे वीस वर्षं खुंटीला टांगून ठेवलं ते पुसायचं काम आईनं स्वतः, हातात कात्री घेऊन केलं होतं, आणि पुसायला माझा गळा वापरला होता. मी तिला म्हटलं, ते तुझं एकटीचं नव्हतं, माझंही होतं. ती म्हणाली, "असेल." मी म्हटलं, "मग पुन्हा वाजव. आत्यांना कळलंच आहे आता, लपवायचं काय राहिलं? एकदा वाजव. मी त्याचं काही करणार नाही, सेल उतरवणार नाही, पाणी घालणार नाही. तू वाजवशील तसंच ठेवीन."

आईनं हात पुसले. माझ्याकडे सरळ पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

मी वाट बघितली. मला वाटलं, मागे काहीतरी येईल, तारा तुटल्या, राळ नाही, वेळ नाही. काही आलं नाही. तिनं परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागली.

माझ्या आईनं आत्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. बाबांना नाही, दादाला नाही, रेडिओचं बोलावणं परत करायला लावणाऱ्या स्वतःच्या वडिलांनाही नाही. ज्यांना म्हणायला हवं होतं त्या एकेकाला ती हो म्हणत गेली, आणि सगळ्या जन्मात जो एक नकार तिच्यापाशी शिल्लक होता तो तिनं माझ्यावर खर्च केला. पुढे मी खूपदा मागितलं, ती गेली त्या वर्षीसुद्धा मागितलं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरून आहे.